थाप मारली की सोडायचं

रत्नागिरी तालुक्यात आमच्या हिच्या मामांनी जुळवलं नाही किंवा मोडलं नाही असं एकही लग्न झालेलं नाही, आणि जगाच्या पाठीवर पैसे घेऊन मारामारी करणारा असा एकही पैलवान नाही की ज्याच्यासाठी त्यांनी पुढचं स्थळ बघून ठेवलेलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. माझी खुंटी वीतभर इकडची तिकडे झाली तर एका हापूसच्या झाडापायी दोन सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यामुळे वाढवून सांगायची सवय मला खात्याने लागू दिलेली नाही. तालुका म्हटलं तेसुद्धा सांभाळूनच म्हटलं. खरं तर जिल्हा म्हणायला हवं होतं.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. कोर्टात कारकून होते. नाचणे रस्त्याला सासूबाईंचं घर आणि मामांचं घर एकाच दगडी गडग्याच्या आत आहे. नोकरीत असल्यापासून मामा आपल्या पडवीत बसून लोकांची लग्नं जुळवत. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता, पत्रिकेवर तर नव्हताच. "पत्रिका काय हो, छापखान्यात मिळते," असं म्हणून ते मुलाला बघायला स्वतः जात आणि त्याच्याबरोबर मासे जेवत. माणूस काटे कुठे ठेवतो यावर त्यांचा सगळा हवाला. ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवणारा चालेल. शेजारच्या ताटाकडे सरकवणारा नको. शाकाहारी घरातलं स्थळ आलं की त्यांची पंचाईत होई, मग ते शेवग्याच्या शेंगा करायला सांगत. माझी निवड मात्र वेगळ्या पद्धतीने झाली. मामा एक दिवस माझ्या कार्यालयात आले, नसलेल्या हद्दीच्या वादाचा अर्ज दिला आणि मी मोजणीला गेलो की तीन दिवस छत्री घेऊन माझ्या मागे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही खुंटी ठोकायला स्वतः वाकता, शिपायाला सांगत नाही. लग्नाचं काय ठरवलंत?" लग्न झालं, संसार चांगला चालला आहे. तो अर्ज मात्र अजून माझ्याकडे प्रलंबित आहे.

स्वतः मामांनी लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "पंचाने मध्ये उतरून खेळायचं नसतं." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणत की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी नियमाबाहेरचं बोललो असं वाटे.

हिची धाकटी बहीण वैजू. ती मामांचा जीव की प्राण. तिच्यासाठी ठाण्याचं स्थळ आलं तेव्हा मामा दोनदा ठाण्याला जाऊन जेवून आले. दोन्ही वेळा काटे व्यवस्थित होते. लग्न थाटात झालं. दर रविवारी वैजूचा फोन यायचा. मामा विचारायचे, "कशी आहेस गो?" ती म्हणायची, "बरी आहे मामा. मजेत." मामा फोन ठेवून आम्हाला सांगायचे, मजेत आहे. असं तीन वर्षं चाललं, आणि एके सकाळी वैजू दोन बॅगा घेऊन एसटीतून उतरली ती कायमची. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. नुसतं दिवसभर कोणीतरी मानेवर बसलेलं असायचं. काय शिजवलंस, कोणाशी बोललीस, एवढं काय बोललीस. फोन करायची तेव्हासुद्धा सासू शेजारी उभी असायची. मामांनी सगळं ऐकून घेतलं. स्थळांच्या वह्या जुन्या धोतरात बांधल्या आणि शिडी लावून माळ्यावर टाकल्या. मग तिकडून निरोप आला की झालं गेलं विसरून मुलीला पाठवा. तेव्हा मामांनी तोंड उघडलं, "एकदा मोडलं ते मोडलं," एवढंच सांगितलं आणि पुन्हा मिटलं. त्यानंतर कोणी मुलीचा बाप पडवीत येऊन बसला तर त्याला चहा मिळे, स्थळ मिळत नसे.

तो काळ वाईट होता. मामा नुसते खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. त्यांना सोबत म्हणून मी रविवारी सकाळी जायला लागलो, आणि बोलायला काही नसल्यामुळे टीव्ही लावायला लागलो. एकदा अमेरिकेतली ती मारामारी लागली. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, आत दोन उघडे पैलवान, तिसरा एक काळ्या शर्टातला. ठोसा, लाथ, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं. मामा ही असली हिंसा बघून उठून जातील म्हणून मी रिमोट शोधत होतो. मामा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "या दोघांचं जुळवलं कोणी?"

मी म्हटलं, "त्यासाठी एक माणूस असतो मामा. कोणाची कोणाशी लावायची हे तोच ठरवतो."

"त्याच्या हुद्द्याचं नाव काय?"

"मॅचमेकर."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अगदीच विजोड जुळवलंय हो," ते म्हणाले. "हा बुटका, तो ताडमाड. वाईच चौकशी केली असती तर हे टळलं असतं." आणि वैजूला हाक मारून त्यांनी नवी वही आणायला पाठवलं.

तेव्हापासून आजतागायत मामा त्या खेळाचे मॅचमेकर आहेत. हे तिकडे अमेरिकेत कोणाला माहीत नाही, एवढाच काय तो दोष. वहीत प्रत्येक पैलवानाला एक पान. उंची, वजन, वर्ण, डावखुरा की उजवा, हातांचा पल्ला, पूर्वीचे निकाल, स्वभाव, अपेक्षा. एका पानावर मी वाचलं ते असं: 'कान मोडलेले, पण मुद्रा शांत. निर्व्यसनी. आईच्या शब्दाबाहेर नाही. सध्या गुडघा दुखावल्यामुळे घरी. पहिल्या पाचांतले स्थळ हवे.' लढतीच्या आदल्या दिवशी पैलवानांना चड्डीवर उभं करून सगळ्यांसमोर वजन करतात, हे मामांना फार आवडलं. "आपल्याकडे मुलगा पाच फूट आठ सांगतात आणि बोहल्यावर पाच फूट चार उभा राहतो," ते म्हणाले. "इथे खोटं बोलायची सोयच नाही."

परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी ती बदलून घेतली. रशियातल्या दागिस्तानचा एक दाढीवाला आहे, त्याने एकदा समोरच्याचा पाय धरला की तास गेला तरी सोडत नाही. त्याचं नाव तलाठी. ब्राझीलचा एक आहे, तो हातापायांचे विळखे घालतो आणि कुठला अवयव कुठून आला ते कळत नाही. त्याचं नाव म्हाकूल, त्या लोंबत्या पायांच्या मासळीवरून. मिरकरवाड्यात मामा मासे घ्यायला जातात तिथे ट्रॉलर चालवणाऱ्या एका तांडेलालाही हा नाद आहे, आणि त्याने ही नावं बंदरभर केली. लिलाव चालू असताना तो लांबून ओरडतो, "मामानू, तलाठ्याला पुढं कोण?" मामा हातातली पिशवी खाली ठेवतात आणि म्हणतात, "म्हाकूलच. दुसरं त्याला शोभणार नाही." मग दोघं सुरमईच्या ढिगाशेजारी उभे राहून या स्थळाचे गुणदोष काढत बसतात. मागे खोळंबलेल्या बायका दोघांचाही उद्धार करतात, तो वेगळाच.

इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण त्या समालोचन करणाऱ्यांचं भरभर इंग्रजी कानात ठरत नाही. पहिले दोन महिने त्यांची समजूत होती की तिकडचे लोक पंचाचं फार कौतुक करतात. "काय सुंदर पंच, काय जोरदार पंच, सारखं तेच चाललंय. आणि तो बिचारा काही न करता बाजूला उभा आहे." पंच म्हणजे तिकडे ठोसा, हे मी समजावलं तेव्हा त्यांना जरा वाईट वाटलं. निकालाच्या बाबतीतही त्यांची भाषा त्यांचीच राहिली. कोणी हरला असं ते म्हणत नाहीत. जुळलं नाही, म्हणतात. त्याच दोघांची पुन्हा लढत ठरली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. एकदा मोडलेलं पुन्हा तिथेच कशाला, असं त्यांचं ठाम मत. आणि तलाठी-म्हाकूल हे स्थळ जमावं म्हणून त्यांनी माझ्याकडून लढती भरवणाऱ्या कंपनीला ई-मेल लिहून घेतली. सुरुवात 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' अशी, तीही इंग्रजीत करायला लावली. लगेच उत्तर आलं की आपला संदेश मिळाला, आभारी आहोत. तसलं उत्तर यंत्र आपोआप पाठवतं हे मी सांगितलं नाही. मामांनी ते छापून आणवलं आणि वहीत चिकटवून वर लिहिलं, 'विचार चालू.'

त्या दिवसांतली एक सकाळ मला नीट आठवते. एकाने दुसऱ्याचा गळा मागून आवळला होता. दुसरा लाल झाला, मग निळा व्हायला लागला, आणि त्याने उघड्या तळव्याने आवळणाऱ्याच्या दंडावर पटपट दोनदा मारलं. पंचाने झडप घालून दोघांना सोडवलं.

"काय केलं त्याने?" मामांनी विचारलं.

"थाप मारली. म्हणजे आता सहन होत नाही. थाप मारली की सोडायचं, असा नियम आहे."

"लगेच सोडतात?"

"लगेच."

"आणि पंचाला नाही दिसली तर?"

"दिसते हो. त्याचं तेवढंच तर काम."

वैजूने घावनं आणि नारळाचा रस मामांपुढे आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला. मला वाटलं, घावनं आवडली नसतील.

वैजूचा तोवर रीतसर घटस्फोट झाला होता आणि ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. रक्त काढायची. तिथे देवरूखचे एक प्राध्यापक आपल्या वडिलांना तपासणीला घेऊन यायचे. प्रसाद त्यांचं नाव, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. पहिली बायको आजारपणात गेलेली. माणूस शांत, थोडा विसरभोळा. वडिलांच्या शिरा सापडत नसत, त्यामुळे वेळ लागे, आणि वेळ लागला की बोलणं होई. वर्षभराने त्यांनी वैजूला विचारलं. वैजूला माणूस पसंत होता हे आम्हाला दिसत होतं, कारण ती त्यांच्याबद्दल काही बोलतच नव्हती. पण घरी तिने एकच सांगितलं, "मामांनी बघून हो म्हटलं तरच. नाहीतर नाही."

इथे सगळं अडलं. कारण मामा बघायला तयार होईनात. "मी निवृत्त झालोय गो," म्हणाले. सासूबाईंनी समजावलं, हिने समजावलं. माझ्याकडे एकदा म्हणाले, "जावईबापू, माझे अंदाज चुकतात. त्या लढतींचे सुद्धा चुकतात, तुम्ही बघताच." ते खरं होतं. मामा ज्याच्या पानावर 'नक्की' असं लिहीत तो पहिल्याच फेरीत आडवा होई, ही गोष्ट मिरकरवाड्यातही माहीत झाली होती. मी म्हटलं, "पण पुढे कोणाची कोणाशी लावावी हे तर सांगता." ते म्हणाले, "तिथे काय, चुकलं तर पंधरा मिनिटांत सुटतात." दोन महिने असे गेले. वैजू रागावली नाही, रडली नाही. नुसती थांबली, आणि तिचं ते थांबणं आम्हाला बघवेना. शेवटी हिनेच परस्पर प्रसादना रविवारी सकाळी नाश्त्याला बोलावलं.

हिने रविवार ठरवला तो नेमका तलाठी आणि म्हाकूल यांच्या लढतीचा. होय, ते स्थळ जमलं होतं. जग याला योगायोग म्हणेल. मामा म्हणाले, "ई-मेल पोचली." पहाटे उठून, आंघोळ करून, देवाची पूजा उरकून, धुतलेला लेंगा घालून ते टीव्हीसमोर बसले होते. मुलीकडच्यांसारखे घाबरलेले होते. तेवढ्यात प्रसाद आले. आता घालवून तर देता येईना. मामांनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि काय विचारावं ते सुचेना म्हणून वही उघडली.

"उंची?"

"पाच फूट सात."

"वजन?"

"बहात्तर."

"सकाळचं की जेवल्यानंतरचं?"

"सकाळचं," प्रसाद म्हणाले. प्राध्यापक असल्यामुळे तोंडी परीक्षेची त्यांना सवय असावी.

"जबड्यावर कधी काही बसलंय?"

"एक दाढ काढलेली आहे."

मामांनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, हातांचा पल्ला." मी सरकारी टेप काढली. प्रसाद दोन्ही हात पसरून भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मी या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजणी केली. माझ्या नोकरीत मी डोंगर मोजले आहेत, समुद्राची भरतीरेषा मोजली आहे, पण होऊ घातलेला साडू प्रथमच मोजला. स्वयंपाकघराच्या दारात वैजू उलथनं घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिचं लक्ष मामांच्या तोंडाकडे होतं.

लढत सुरू झाली. मामांनी प्रसादना नियम सांगितले. खरं म्हणजे एकच सांगितला. "थाप मारली की सोडायचं. बाकी काही लक्षात नाही ठेवलंत तरी चालेल." पहिल्या फेरीत तलाठ्याने पाय धरला आणि सवयीप्रमाणे सोडला नाही. दुसऱ्या फेरीत म्हाकूल कसा कोण जाणे मागे गेला आणि त्याचा हात तलाठ्याच्या दाढीखाली शिरला. दोघं जमिनीवर आडवे. तलाठ्याचा एक हात विळख्यात, दुसरा त्याच्याच अंगाखाली. पंच वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. मामाही चेहऱ्याकडेच बघत होते. मीही.

"अहो, तो थाप मारतोय," प्रसाद म्हणाले.

"कुठे?" मामा म्हणाले. "नाही मारत."

"मारतोय. खालच्या हाताने. बोटं बघा ना त्याची." प्रसाद खुर्चीतून अर्धे उठले होते. "सोडवा की त्याला कोणीतरी."

पंच फिरून दुसऱ्या बाजूला गेला, आणि मग त्याने झडप घातली. पडद्यावर तेच चित्र हळूहळू परत दाखवलं. अंगाखाली चेपलेला हात, त्याची फक्त बोटं बाहेर, आणि ती बोटं जमिनीवर बारीक बारीक आपटत होती. मोजून सहा वेळा. आम्हा कोणाला दिसली नव्हती.

निकाल जाहीर व्हायच्या आधी मामांनी टीव्ही बंद केला. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. दोन वर्षं जपलेलं स्थळ, आणि निकाल न ऐकता बंद.

"वैजू, इकडे ये गो," ते म्हणाले. वैजू उलथनं घेऊनच पुढे आली. मामा तिच्याकडे न बघता वहीकडे बघत बोलले. "यांना थाप दिसते." मग त्यांनी वही मिटली. "मला दिसली नव्हती. तीन वर्षं दर रविवारी तू मला सांगायचीस, बरी आहे, मजेत आहे. थापच मारत होतीस तू. आणि मी फोन ठेवून सगळ्यांना सांगायचो, मजेत आहे म्हणून. कसला पंच मी."

वैजू खाली बसली. मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मीच हळू मारत होते मामा. शेजारी कोणीतरी उभं असायचं ना."

प्रसाद भिंतीकडे बघत होते. मी टेप गुंडाळत बसलो. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळत होतो. स्वयंपाकघरात तव्यावरचं घावन करपल्याचा वास आला तेव्हा कुठे सगळे हलले. ते करपलेलं घावन मामांनी स्वतःच्या ताटात घेतलं.

लग्न देवरूखला झालं, नोंदणी पद्धतीने, घरच्या माणसांत. मामांनी माळ्यावरच्या वह्या काही खाली काढल्या नाहीत. वैजू आणि प्रसाद यांची नोंद त्यांनी पैलवानांच्याच वहीत केली आहे, तलाठ्याच्या पुढच्या पानावर. उंची आहे, वजन आहे, मी मोजलेला पल्ला इंचांत आहे. निकालाच्या रकान्यात 'चालू' असं लिहिलेलं आहे. निघताना त्यांनी वैजूला बजावून सांगितलं होतं, "बरं नसलं तर बोलू नको. बोलता येत नाही कधी कधी. फोनवर नुसतं बोटाने दोनदा मार. मी पहिल्या एसटीने येतो."

रविवारी लढती आटोपल्या की देवरूखहून फोन येतो. मामा आम्हाला हाताने गप्प करतात, फोन कानाला घट्ट दाबून धरतात आणि डोळे मिटतात. वैजू खूप बोलते हल्ली. कॉलेजातल्या मुलांच्या गमती, सासऱ्यांच्या शिरा, प्रसाद बाजारात पिशवी विसरून आले ते. मामा हं हं करतात, पण त्यांचं बोलण्याकडे लक्ष नसतं. बोलण्याच्या खालून काही येतंय का, तिकडे असतं. मध्यंतरी एका रविवारी तिचं बोलणं चालू असताना मागून ठक ठक असा आवाज आला. मामा ताडकन उठले, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि फोनमध्ये विचारलं, "वैजू, काय झालं गो?" वैजूला काही कळेना. मग तिला कळलं, आणि तिने सांगितलं. प्रसाद खलबत्त्यात लसूण ठेचत होते. मामा परत येऊन खुर्चीत बसले, पायात चपला तशाच. त्या दिवसापासून रविवारी मामा चपला घालूनच फोनला बसतात.